मतदानातलं ‘दान’



विषयाला हात घालण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. आज मी ज्यांच्यावर टीका करणार आहे, त्यांच्यात मी स्वतः आहे. निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या मतदार जागृती गटात मी सामील झालो आणि अजूनही आहे. निवडणूक आली की आम्ही दहा-बारा जण हातात फलक घेऊन सिग्नलला उभे राहतो, सोसायट्यांमध्ये पत्रकं वाटतो, कॉलेजात जाऊन मुलांकडून शपथ म्हणवून घेतो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस उन्हात टोपी घालून ‘मतदान करा, लोकशाही वाचवा’ असं ओरडतोय, हे बघून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने स्कूटर थांबवून विचारलं होतं, ‘सर, हे विधान सिद्ध करून दाखवाल का?’ (हशा) तो गमतीनं म्हणाला. मला मात्र तो प्रश्न चिकटला.

तेव्हा आजची टीका घरातली टीका आहे. बाहेर उभं राहून मारलेला दगड नाही.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण माझा धंदाच तो. आपण ‘मतदान’ म्हणतो. रक्तदान, नेत्रदान, श्रमदान, मतदान. आमच्या फलकांवर तर ‘मतदान श्रेष्ठदान’ असंच लिहिलेलं असतं. आता दान म्हणजे काय? आपल्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी याची फार काटेकोर व्याख्या केली आहे. आपलं एखाद्या वस्तूवरचं स्वत्व, म्हणजे मालकी, संपवायची आणि दुसऱ्याचं स्वत्व तिथे उत्पन्न करायचं, हे दान. दोन्ही गोष्टी हव्यात. नुसती वस्तू टाकून दिली तर तो त्याग झाला, वापरायला दिली तर ती उसनवारी झाली. दानात देणाऱ्याचा हक्क पूर्ण संपतो. एकदा उदक सोडलं की सोडलं. दिलेलं परत मागणं हा तर आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात भांडणाचा एक स्वतंत्र विषयच मानला आहे.

मग मी विचारतो, मत हे असं दान आहे का? बटण दाबल्यावर माझी त्या मतावरची मालकी संपली आणि निवडून आलेल्याची सुरू झाली? शास्त्राप्रमाणे तर तसंच झालं. कन्यादानाचं आपल्याला ठाऊक आहे. एकदा मुलगी दिली की तिच्या घरात डोकवायचं नाही, ही रीत कित्येक पिढ्या चालली, आणि त्यात किती मुली होरपळल्या. मतदानाचंही आपण तेच करून ठेवलं आहे. दिलं, बोटाला शाई लागली, फोटो काढला, पुण्य पदरात पडलं. पुढची पाच वर्षं सासरच्यांची.

आता तुम्ही म्हणाल, सर, शब्द आहे तो, रूढ झाला, त्याचा एवढा कीस कशाला काढायचा? आणि खेड्यात कोण ‘मतदान केलं’ म्हणतं? ‘मत टाकलं’ म्हणतात, पूर्वी ‘शिक्का मारला’ म्हणायचे. बरोबर आहे. शब्दामुळे माणसं तशी वागतात असं माझं म्हणणं नाही. पण आम्ही स्वयंसेवक लोकांशी ज्या भाषेत बोलतो, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दानाचीच भाषा आहे, हे माझं म्हणणं आहे. पवित्र कर्तव्य, लोकशाहीचा उत्सव, तुमचं अमूल्य मत. शाई दाखवा आणि हॉटेलात बिलावर सूट मिळवा. दान करणाऱ्याला प्रसाद मिळतो, तसाच हा प्रसाद. या सगळ्या भाषेत एक वाक्य कुठेही सापडत नाही. ‘मत दिल्यानंतर तुम्ही काय मागू शकता’ हे ते वाक्य.

दुसरं आमचं आवडतं वाक्य, ‘तुमच्या एका मताने फरक पडतो.’ हे मी स्वतः शेकडो वेळा म्हटलं आहे. आणि प्रामाणिकपणे सांगतो, ते बहुतेक वेळा खोटं असतं. पुण्याच्या लोकसभा मतदारसंघात वीस लाखांच्या आसपास मतदार आहेत. तिथे माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता मोजायची तर दशांश चिन्हानंतर किती शून्यं घालायची, हा हिशेब अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९५७ सालीच मांडून ठेवला. फायदा-तोट्याचाच विचार केला तर मत द्यायला जाणं हे वेडेपणाचं ठरतं, असं त्याचं कोडं आहे. ग्रामपंचायतीत गोष्ट वेगळी. तिथे बरोबरीत मतं पडतात, चिठ्ठी काढावी लागते, आणि मग मुंबईहून न आलेल्या एका पुतण्याला सगळी भावकी वर्षभर ऐकवते. पण शहरातल्या तरुणाला तुम्ही हे वाक्य ऐकवलंत, तर तो गणित करू शकतो. आपण त्याला बालवाडीतल्यासारखं समजावतोय हे त्याला लगेच कळतं. त्याने मान डोलावली याचा अर्थ पटलं असा होत नाही.

मग मत का द्यायचं? याचं जे उत्तर मला पटतं ते बाबासाहेबांकडून मिळतं. १९१९ साली साउथबरो समितीपुढे, आणि पुढे सायमन कमिशनच्या वेळी, त्यांनी मताधिकाराचा जो विचार मांडला त्यात एका मताची किंमत किती, हा प्रश्नच नाही. आपण सगळे मिळून जे आयुष्य जगतो, त्याच्या अटी ठरवताना मी तिथे असणार की नसणार, असा त्यांचा प्रश्न आहे. ज्याला शतकानुशतकं त्या बैठकीच्या बाहेर ठेवलं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्हा सदाशिव-नारायण पेठी मंडळींना सांगावं लागतं, कारण आम्हाला बाहेर बसवल्याचा अनुभवच नाही. असो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या सगळ्या कामाखाली एक गृहीतक आहे. मतदान कमी होतं, कारण मतदार आळशी आहे, उदासीन आहे, जोडून सुट्टी आली की महाबळेश्वरला जातो. आयोगालासुद्धा हे पटलेलं असावं, कारण २०२४ ची आपली विधानसभेची निवडणूक मुद्दाम आठवड्याच्या मधोमध, २० नोव्हेंबरला, बुधवारी ठेवली. आणि हे गृहीतक पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या इमारतीत दोन मजले असे आहेत की तिथे मतदानाच्या दिवशी दारं वाजवून माझी बोटं दुखतात. २०२४ च्या लोकसभेला पुण्यात निम्म्याहून थोडं जास्त मतदान झालं आणि गडचिरोली-चिमूरला सत्तर टक्क्यांच्या पुढे. जंगलातून चालत जाऊन, धाक असताना, लोक मत देतात आणि इथे लिफ्टने खाली उतरवत नाही. लाज वाटावी अशीच गोष्ट आहे.

पण हे अर्धं चित्र झालं. उरलेलं अर्धं मला एका बाईंनी दाखवलं. नाव सांगत नाही. चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या, पन्नाशीच्या. आम्ही त्यांच्या वस्तीत पत्रकं वाटत होतो. मी नेहमीच्या सुरात म्हटलं, ‘ताई, मतदानाला नक्की जायचं हं.’ त्या म्हणाल्या, ‘काका, मी आजवर एकदाबी चुकवलं नाही. गेल्या टायमाला गेले तर यादीत नावच नाही म्हणले.’ झालं असं होतं की त्यांची वस्ती पुनर्वसनासाठी पाडली, तात्पुरत्या इमारतीत हलवली. कुणीतरी येऊन गेलं, ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला, नाव गळलं. नाव वगळण्याआधी मतदाराला नोटीस द्यावी आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी, असा नियम आहे. नोटीस आली असेलही, पण ती पाडलेल्या घराच्या पत्त्यावर. मग नमुना सहा पुन्हा भरायचा. पत्त्याचा पुरावा? भाडेकरार नाही, वीजबिल बिल्डरच्या नावावर. त्यांनी तीन खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाचा खाडा. मला म्हणाल्या, ‘तुम्ही आम्हाला सांगताय मत द्या म्हणून. ज्यांनी नाव काढलं त्यांना जाऊन सांगा की.’

मी हातातली पत्रकं पिशवीत घातली. त्यावर हसऱ्या बोटाचं चित्र होतं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही, म्हणजे आमच्यातले तिघंचौघं, याच कामाला लागलो. मतदार यादी घेऊन घरोघर फिरायचं. नवं नाव असेल तर नमुना सहा, पत्ता बदलला किंवा चूक दुरुस्त करायची असेल तर नमुना आठ, माणूस वारला असेल तर नमुना सात. हे काम अतिशय कंटाळवाणं आहे. यात फोटो निघत नाहीत. २०२२ पासून नाव नोंदवायला वर्षात चार पात्रता तारखा झाल्या आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पूर्वी फक्त १ जानेवारी होती. किती पालकांना हे माहीत आहे? लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत, खोली घेऊन राहणारी परभणी-लातूरची मुलं ना इथल्या यादीत ना मतदानाला घरी जाऊ शकत. आणि बिचारे बीएलओ! कुणी शिक्षक, कुणी अंगणवाडी सेविका, आपलं काम सांभाळून जिने चढतात, आणि सोसायटीचा वॉचमन त्यांना दारातून परत पाठवतो. आमच्या गटाने खरं उपयोगी काम कोणतं केलं असेल तर ते हे, की वॉचमनशी बोलून बीएलओला आत सोडायला लावलं.

याच ओघात ऊसतोड कामगारांचं सांगतो. बीड, अहिल्यानगरकडची लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला. त्यांना कुठल्या फलकाची गरज होती? गाडीभाड्याची आणि मुकादमाच्या परवानगीची गरज होती. स्थलांतरितांसाठी रिमोट मतदान यंत्राचा एक नमुना आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला होता, राजकीय पक्षांचं त्यावर एकमत झालं नाही, विषय तिथेच राहिला. याला उदासीनता म्हणायचं असेल तर म्हणा. ती मतदाराची नव्हे.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो, आणि इथे मी स्वतःला सोडणार नाही.

पुणे आणि मुंबई महापालिकांची निवडणूक झाली २१ फेब्रुवारी २०१७ ला. मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. मार्च २०१७ मध्ये जी मुलगी अठरा वर्षांची झाली, तिने महापालिकेसाठी पहिलं मत दिलं तेव्हा तिची सव्वीस वर्षं उलटून गेली होती. राज्यघटनेचं कलम २४३ यू सरळ सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. कारणं होती, नाही असं नाही. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, प्रभाग किती सदस्यांचा यावर सरकारं बदलली तसे कायदे बदलले. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, आणि तरीही आणखी मुदतवाढ घेऊन जानेवारी उजाडला.

या चार वर्षांत आमचा मतदार जागृती गट काय करत होता? दर २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन साजरा करत होता! शपथ घेत होता. त्या शपथेत धर्म, जात, भाषा, प्रलोभन यांना बळी न पडता निर्भयपणे मत देईन असं आपण म्हणतो. चांगली शपथ आहे. पण मत कुठे देणार? पेटीच नव्हती. यजमान जेवायला वाढत नाही आणि आम्ही पाहुण्यांना जेवण्याचं महत्त्व सांगतोय, असा तो प्रकार.

२०२३ च्या बैठकीत मी भीतभीत सुचवलं होतं की निवडणूक घ्या असं एक साधं पत्र गटातर्फे लिहू या. कुणी तरी लगेच म्हणालं, ‘सर, नको. यात राजकारण येतं. आपण अराजकीय आहोत.’ सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. पत्र लिहावं लागलं असतं, सही करावी लागली असती, उद्या कुणी विचारलं असतं की तुम्ही कोणत्या बाजूचे. मी चहा घेतला आणि घरी आलो. ॲरिस्टॉटलच्या ‘राज्यशास्त्रा’चं तिसरं पुस्तक मी तीस वर्षं शिकवलं. नागरिक कोण? जो विचारविनिमयात आणि सत्तेत वाटा घेतो तो. हे फळ्यावर लिहून दिलेला माणूस एका पत्राला घाबरला.

पक्षाचा प्रचार न करणं वेगळं आणि राजकारणाला न शिवणं वेगळं. पहिलं स्वयंसेवकाने पाळलंच पाहिजे. दुसरं पाळायला गेलं तर हातात फक्त रांगोळी उरते. ‘अराजकीय’ या सोवळ्यामुळे आमची मागणी कायम एकाच दिशेला, खाली, मतदाराकडे जाते. वर कधी जात नाही.

आणि निवडणूक झाल्यावर तरी? पुण्यात २००७ ला एका प्रभागात एक नगरसेवक होता, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, आताही बहुतेक प्रभागांत चारच. चार बटणं दाबा. गटाराचं झाकण कुणाला विचारायचं? हा म्हणतो तो, तो म्हणतो ती. मुंबईत एकाच प्रभागात एकच नगरसेवक, आणि बाकी शहरांत चार, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही. आमच्या पत्रकांत हा प्रश्न कधी आला नाही. पुणे महापालिकेत नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत २००६ पासून आहे, आपल्या भागातली छोटी कामं आपण सुचवू शकतो. तेही आम्ही सांगितलं नाही, कारण ते ‘मतदान’ या विषयात बसत नव्हतं.

इथे मला माझ्या एका जुन्या सर्वोदयी मित्राने अडवलं, आणि ते तुम्हाला सांगणं भाग आहे. तो म्हणाला, ‘दानाची एकच व्याख्या धरून बसलास. विनोबा काय सांगायचे आठवतंय का? शंकराचार्यांनी दानाचा अर्थ संविभाग असा दिला आहे. संविभाग म्हणजे वाटून घेणं.’ मी गप्प झालो. खरं आहे ते. भूदान-ग्रामदानाची सगळी उभारणीच त्या अर्थावर आहे. मग मला मेंढा (लेखा) आठवलं.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार असलं तरी गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावंही तुम्ही ऐकली असतील. २००९ मध्ये त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसंमतीने होतो. आणि २०१३ मध्ये त्या गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. बघा, तिथेही ‘दान’ आहेच. पण जमीन दिली ती ग्रामसभेला, आणि देणारा त्या ग्रामसभेत बसलेला आहे. देऊन तो बाहेर गेला नाही. निबंधकारांची व्याख्या इथे लागू पडत नाही, विनोबांची पडते.

लगेच कुणी म्हणेल, मेंढ्यात शंभरेक घरं, एक समाज, एक जंगल. आमच्या प्रभागात ऐंशी हजार माणसं, शेजाऱ्याचं आडनाव माहीत नाही. मान्य. सर्वसंमती तर आमच्या सोसायटीत पार्किंगवरसुद्धा होत नाही. (हशा) खेड्यांतल्या साध्या ग्रामसभाही मेंढ्यासारख्या नसतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून चार जणांत उरकायची, ही युक्ती ग्रामीण भागातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. शहरात तर क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली, ती कागदावरच राहिली.

पण मेंढ्याची एक गोष्ट उचलता येते असं मला वाटतं. त्यांचा अभ्यासगट. निर्णय करायला ग्रामसभा आणि समजून घ्यायला अभ्यासगट, या दोन वेगळ्या बैठका. अभ्यासगटात ठराव होत नाही, म्हणून तिथे हट्ट नसतो, माणूस ‘मला कळलं नाही’ असं म्हणू शकतो. तज्ज्ञाला बोलावतात, उलटतपासणी करतात. याला जंगल लागत नाही. एक खोली, आठ-दहा माणसं आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत लागते.

आम्ही गेल्या फेब्रुवारीत तसा गट सुरू केला. पहिल्या बैठकीला अकरा जण, दुसऱ्या बैठकीला पाच. त्या ताई दुसऱ्या बैठकीला आल्या. त्यांचं नाव यादीत परत आलं आहे, त्यांनी जानेवारीत मत दिलं. अंदाजपत्रकात आमच्या प्रभागाला पाण्याच्या टाकीसाठी काय तरतूद आहे हे शोधायला आम्हाला दीड तास लागला, आणि शोधताना त्यांनी विचारलं, ‘हा आकडा दोन वर्षांमागंबी हाच होता का?’ आमच्यापैकी कुणी जुनी प्रत आणलीच नव्हती.

आता जुनी प्रत मिळाली आहे. चारही नगरसेवकांना पत्रं गेली आहेत, या वेळी सह्यांसकट, माझी दुसरी. एकाने येतो म्हटलं आहे, एकाने कार्यकर्त्याला पाठवतो म्हटलं आहे, दोघांचं उत्तर नाही. बैठक पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहे.

मला दिलेली वेळ संपली. प्रश्न असतील तर घेऊ.